काळ्या पाषाणाला काळंच राहू द्या: रानातल्या देवळाचं एक्स्पोजर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. श्रावणातल्या एका ढगाळ सकाळी तुम्ही गोव्यातल्या तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळात गेलात. बाहेरून काढलेल्या फोटोंत देऊळ राखाडी आलं आणि वर आकाश पांढरंफटक. मंडपात उभं राहून गाभारा टिपला, तर समईच्या जागी पांढरा ठिपका आणि पिंडी काळोखात गडप. मोबाईलवर सगळं दिसतं, पण सगळं सारखंच उजळ. कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरचा, सोबत आलेली १८-५५ लेन्स. आणि आता चवथीनंतर सत्तरीतल्या तुमच्या आजोळच्या देवराईत सातेरीच्या रोयणीचे, म्हणजे देवी म्हणून पुजल्या जाणाऱ्या वारुळाचे, फोटो काढायचे आहेत, ते तरी मनासारखे यावेत.

यातल्या प्रत्येक तक्रारीचं कारण वेगळं आहे. इलाजही वेगळे आहेत, म्हणून एकेक घेतो.

आधी राखाडी देवळाचं. हे देऊळ बेसॉल्टचं आहे, बारीक कणांचा काळा दगड. गोव्यात चहूकडे दिसतो तो जांभा, आपले चिरे. हा दगड घाटापलीकडून आणला असं सांगितलं जातं. छायाचित्रणाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला दगड, झाड, माणूस काही कळत नाही. समोर जे आहे ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचं आहे, साधारण १२ ते १८ टक्के प्रकाश परत पाठवणारं आहे, एवढंच तो गृहीत धरतो. जांभ्याच्या भिंतीला हे गृहीतक बऱ्यापैकी लागू पडतं. ओला काळा बेसॉल्ट मात्र त्याच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश परत देतो. मग मीटर म्हणतो, प्रकाश कमी पडतोय, आणि एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश, वाढवून काळ्याचं करडं करून टाकतो. आकाश आधीच उजळ, ते त्या वाढीव एक्स्पोजरमध्ये पार पुसलं जातं. तुमच्या फोटोत नेमकं हेच झालंय. चौकटीचा बराचसा भाग दगडाने व्यापला असेल, तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या उत्तरात हाताने करायची कमी-जास्त, उणे एक ते उणे दीड स्टॉपवर ठेवा. एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट. दगड काळा येईल आणि त्यावरचं शेवाळ हिरवं दिसेल.

पण राखाडीपणाचं दुसरंही एक कारण असू शकतं आणि पावसाळ्यात ते हमखास नजरेतून सुटतं. पणजी-फोंड्याकडून एसी लावलेल्या गाडीतून मोले गाठलं, पुढच्या बारा-तेरा किलोमीटरनंतर उतरून लगेच बॅग उघडली, की थंड लेन्सवर दमट हवेचं बाष्प धरतं. पातळ थर असेल तर डोळ्यांना दिसतही नाही, पण फोटोत काळ्यावर दुधाळ पडदा येतो. एक्स्पोजर कितीही कमी केलं तरी तो पडदा जात नाही, नुसता गडद होतो. ओळखायची खूण अशी: हिस्टोग्रामचा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणाऱ्या आलेखाचा, डाव्या टोकाकडचा भाग रिकामा राहतो, चौकटीत ठार काळा दगड असूनही. उपाय सोपा आहे. शेवटच्या टप्प्यात गाडीतला एसी बंद करा, काचा उघडा, आणि कॅमेरा बंद बॅगेतच वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच्या हवेशी जुळू द्या. पुसून उपयोग होत नाही, लेन्स थंड आहे तोवर बाष्प परत धरतंच.

आता गाभारा. इथे गोष्ट खरी अवघड आहे, म्हणून आकड्यांत सांगतो. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/८ (लेन्सचं छिद्र) धरून चाला, मग शटर किती वेळ उघडा लागतो ते बघा. भर उन्हातल्या वस्तूला १/५०० सेकंद पुरतो. ढगाळ दिवशी देवळासमोरच्या मोकळ्या हिरवळीला १/६० च्या आसपास. दाट राईखाली अर्धा ते एक सेकंद. आणि गाभाऱ्यात, दाराबाहेरून जो उजेड झिरपतो तेवढ्यावर, आठ ते सोळा सेकंद. म्हणजे ढगाळ दिवशीसुद्धा हिरवळ आणि गाभारा यांत नऊ-दहा स्टॉपचं अंतर पडतं. आकाश हिरवळीहून आणखी वर, काळी पिंडी गाभाऱ्याच्या भिंतीहून आणखी खाली. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर कागदावर तेरा स्टॉपच्या आसपास पकडतो, पण त्यातल्या खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर गोंगाट, ज्याला आपण नॉईज म्हणतो, एवढा असतो की कोरीवकाम त्यात हरवतं. तेव्हा एका फोटोत सगळं मिळवायची अपेक्षाच आधी सोडा. काय हातचं जाऊ द्यायचं हे तुम्ही ठरवलं नाही, तर ते कॅमेरा ठरवतो.

इथे एक गोष्ट मनात पक्की करून घ्या, कारण माझं सगळं उत्तर तिच्यावर उभं आहे. किती प्रकाश गोळा करायचा आणि किती काळोख दाखवायचा, हे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिला शटर दाबताना घ्यायचा, दुसरा घरी. जेपेग काढत असाल किंवा मोबाईल वापरत असाल, तर दोन्ही निर्णय एकाच क्षणी होतात, मग जसा हवा तसाच गडद फोटो तिथेच काढावा लागतो. रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची फाईल, काढत असाल तर मोकळीक आहे. चौकटीत आकाश नाही, दिवा नाही, पांढरं वस्त्र नाही, नुसता दगड आणि झाडी आहे, अशा वेळी मी मुद्दाम मीटरच्या सांगण्याप्रमाणे, कधी त्याहून थोडं जास्तही एक्स्पोजर देतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दगड करडा दिसतो, दिसू दे. घरी तो एक-दीड स्टॉप खाली ओढला की काळा होतो आणि छिन्नीच्या खुणा स्वच्छ राहतात, कारण सेन्सरला भरपूर प्रकाश मिळालेला असतो. चौकटीत जपायलाच हवी अशी उजळ गोष्ट आली, की मात्र हा नियम उलटतो. मग त्या उजळ गोष्टीला धरूनच एक्स्पोजर ठरतं आणि दगडाच्या वाट्याला उरेल तेवढा प्रकाश येतो.

ती उजळ गोष्ट मोजायला स्पॉट मीटरिंग वापरा, त्यात मीटर फक्त एका छोट्या ठिपक्यापुरता प्रकाश मोजतो. पिंडीवर वाहिलेली पांढरी फुलं असतील तर स्पॉट त्यांच्यावर धरा आणि मीटर जे सांगेल त्याहून दोन स्टॉप जास्त द्या. फुलं पांढरी राहतील, पाकळ्यांच्या कडाही शाबूत राहतील. उलट बाजूने बघायचं तर काळ्या दगडावर स्पॉट धरा आणि मीटरच्या सांगण्याहून दोन स्टॉप कमी द्या. पोत जेमतेम दिसेल, काळेपणही टिकेल. अँसल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेली झोन सिस्टीम ती हीच. त्यांचं काम फिल्मच्या निगेटिव्हवर होतं, म्हणून ते सावलीवरून एक्स्पोजर ठरवत आणि उजळ भाग फिल्म धुताना आवरत. डिजिटलमध्ये उजळ भाग एकदा कापला गेला, म्हणजे तपशील जाऊन सपाट पांढरा झाला, की परत येत नाही, म्हणून आपण उजळ बाजूकडून मोजायचं. आधी दोन्ही मोजून बघा. फुलं आणि दगड यांच्यातलं अंतर सहा स्टॉपच्या आत असेल तर एका फोटोत काम होतं, जास्त असेल तर पुढचा मार्ग धरावा लागतो.

समईचा पांढरा ठिपका का आला, तेही यातूनच कळतं. ज्योत स्वतः कापली गेली तरी चालतं, डोळ्यांनाही ज्योतीच्या पोटात काही दिसत नाही. जपायची असते ती ज्योतीची पिवळी कड, तिच्याखालची पितळी वाटी आणि मागच्या भिंतीवरची उजेडाची आभा. तुमच्या कॅमेऱ्याने सरासरी काढताना काळोखाला वजन दिलं, त्यात हे तिन्ही गेलं. आणखी एक खाचखळगा आहे. समईचा उजेड अतिशय तांबूस, २००० केल्विनच्या आसपासचा. त्यामुळे तिथे तिन्ही रंगांतला लाल सर्वात आधी भरून सांडतो. कॅमेऱ्याचा साधा पांढरा हिस्टोग्राम सगळं ठीक असल्याचं दाखवतो आणि लाल मात्र कधीच कापला गेलेला असतो. सेटिंगमध्ये लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा हिस्टोग्राम सुरू करा. जास्वंद, झेंडू, कुंकू, समई यांतलं काहीही चौकटीत असेल तर फक्त लालाकडे बघायचं.

ट्रायपॉडबद्दल. हे देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षित स्मारक आहे. हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणं आणि ट्रायपॉड किंवा कृत्रिम प्रकाश वापरणं यांत तिथले नियम फरक करतात, दुसऱ्यासाठी परवानगी लागते. आणायची असेल तर आधीच आणा, दारातल्या रखवालदाराशी हुज्जत घालू नका. नसेल तर हातात धरून काम होतं. आयएसओ ३२००, एफ/३.५, १८ मिलिमीटर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन सुरू: गाभाऱ्याच्या उजेडात शटर १/१० ते १/२० च्या आसपास येतो. खाली मांडी घालून बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, अर्धा श्वास सोडून शटर दाबा आणि सलग चार-पाच फोटो घ्या. त्यातला एक तरी खणखणीत येतो. बसून काढल्याचा आणखी एक फायदा आहे, पिंडी वरून चपटी दिसत नाही. कॅमेरा कोरीव दगडावर टेकवू नका, आणि गाभाऱ्यात फोटो काढण्याआधी पुजाऱ्यांना विचारा. पूजा चालू असेल तर कॅमेरा खाली.

फ्लॅश नकोच. नियम बाजूला ठेवला तरी फ्लॅशचा उजेड लेन्सच्या दिशेनेच येतो, त्यामुळे कोरीवकामातली सावली मरते, आणि सावली गेली की कोरीवकाम गेलं. त्याऐवजी सोबतच्या माणसाला पांढरं उपरणं किंवा पंचा घेऊन गाभाऱ्याच्या दाराच्या बाजूला, चौकटीबाहेर उभं करा. बाहेरचा उजेड त्यावर पडून आत परततो. मोजून बघाल तर बऱ्याचदा अर्धा ते एक स्टॉप मिळतो, तोही मऊ आणि बाजूने येणारा.

देऊळ पूर्वाभिमुख आहे, याचा उपयोग करून घ्या. पावसाळा संपल्यावर, आकाश निरभ्र असेल तेव्हा, सकाळचं ऊन डोंगर आणि झाडी ओलांडून मंडपापर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतो. ते पायऱ्यांवर आणि मंडपाच्या जमिनीवर आलं की मान वर करून छताकडे बघा. छतावर कोरलेलं कमळ आहे. एरवी ते काळोखात असतं, पण जमिनीवरून परतलेला उजेड त्या वेळी त्याच्या पाकळ्यांच्या खालच्या बाजूंवर पडतो आणि प्रत्येक पाकळी सुटी दिसते. तेवढा काळ उणे एक स्टॉप, चौकटीत उन्हाचा तुकडा येऊ द्यायचा नाही. खांबांच्या तळाशी एके ठिकाणी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलाय, तो मात्र थेट उन्हात काढू नका. मंडप बाजूंनी उघडा आहे, ढगाळ दिवशी तिथून तिरका उजेड येतो. हत्तीच्या पोटाची गोलाई आणि घोड्याची मुरडलेली मान त्या उजेडातच उठून दिसते. खाली वाका, स्पॉट हत्तीच्या पाठीवर धरा, उणे एक. मधल्या नंदीचं डोकं आता नाही. त्याच्या पाठीवरून गाभाऱ्याकडे बघणारी चौकट सगळेच काढतात, आणि ती काढण्यासारखी आहेच. फक्त नंदीच्या पाठीवर पडलेला बाहेरचा उजेड गाभाऱ्याहून चार-पाच स्टॉप जास्त असतो, म्हणून ती चौकट दोन एक्स्पोजरची समजा.

दोन एक्स्पोजर म्हणजे असं: मॅन्युअल मोड, छिद्र आणि फोकस तेच, फक्त शटर बदलायचा. एक बाहेरच्या उजेडासाठी, एक गाभाऱ्यासाठी, हवं तर मधला एक, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने. एचडीआरचं सॉफ्टवेअर ते आपोआप जोडून देतं, पण तुमच्या मोबाईलने जे केलं तेच तेही करतं. सगळ्या पायऱ्या एका पातळीवर आणतं, आणि गाभारा व्हरांड्याइतका उजळ होतो. गाभाऱ्यात शिरताना डोळे सरावायला काही क्षण जातात, देवाच्या जवळ जाताना हा उजेड हळूहळू कमी होत जाणं हीच त्या बांधणीची रचना आहे: मंडप, अंतराळ (या दोहोंमधली छोटी जागा), मग गाभारा. अंतराळाच्या बाजूच्या दगडी जाळ्याही तेवढ्यापुरताच उजेड आत सोडतात. फोटोत हा क्रम टिकला पाहिजे. म्हणून मी दोन्ही फोटो थरांत ठेवून मास्क, म्हणजे कुठला भाग कोणत्या फोटोतून दिसावा ते, हाताने रंगवतो, गाभाऱ्याला मऊ ब्रशने फक्त अर्ध्या ताकदीने उजळवतो आणि पिंडीची कड दिसली की थांबतो. आतली भिंत अंतराळाच्या भिंतीहून नेहमी एक-दोन स्टॉप गडद ठेवतो.

बाहेरच्या आकाशाचं काय? त्याचा सर्वांत चांगला उपाय पायांनी होतो. देवळाजवळ उभं राहून १८ मिलिमीटरने वर बघितलं की शिखर आकाशावर येतं. मागे सरका, जमेल तितकं, आणि ५५ वर झूम करा. मागे जाताना देऊळ नजरेच्या कोनात झपाट्याने लहान होतं, त्यामागची दूरची झाडी फारशी लहान होत नाही. त्यामुळे शिखर हळूहळू झाडीच्या रेषेखाली उतरतं. चौकटीतून आकाश गेलं की सर्वांत उजळ तीन-चार स्टॉप गेले आणि सगळं दृश्य सेन्सरच्या आटोक्यात आलं. थोडं आकाश राहिलंच तर निव्वळ पांढऱ्या ढगात वाचवण्यासारखं काही नसतं, त्याच्यासाठी दगडाचा जीव घालवू नका.

पोलरायझर फिल्टर तुमच्याकडे नसेल तर घ्या, पावसाळी रानात एवढी उपयोगाची दुसरी वस्तू नाही. ओल्या पानांवर आणि मंडपाच्या उतरत्या दगडी फरशांच्या छपरावर आकाशाची चकाकी बसते. हा फिल्टर फिरवून ती घालवली की पानांचा हिरवा रंग खाली सापडतो आणि छप्पर पुन्हा दगडाचं दिसतं. दीड ते दोन स्टॉप प्रकाश त्यात जातो, तो हिशेबात धरा. फिल्टर पूर्ण फिरवून चकाकी अगदी शून्यावर आणू नका. ओला दगड ओला दिसायला थोडी चकाकी लागते, नाहीतर तो निर्जीव, कोळशाचा ठोकळा वाटतो.

आता तुमच्या आजोळची देवराई. इथे गणित बदलतं. देऊळ मोकळ्या जागेत आहे, राईत वर छत्र आहे. ऊन असलेल्या दिवशी तिथे जायचंच असेल तर सकाळी ऊन वर येण्याआधी जा. एकदा कवडसे पडायला लागले की कवडसा आणि त्याच्या बाजूची सावली यांत आठ स्टॉपपर्यंत अंतर पडतं, तेही तळहाताएवढ्या जागेत. मास्क कितीही निगुतीने करा, रोयणीवर पांढरे चट्टे राहतातच. सत्तरीतल्या सदाहरित राया तर फारच अंधाऱ्या. बांबरच्या निरंकाराच्या राईत जायफळाच्या कुळातली झाडं पाणथळ जमिनीत उभी आहेत, त्यांची मुळं गुडघ्यासारखी वाकून वर आलेली. अशा जागी साचलेल्या पाण्यात वरच्या फटीतलं आकाश पडतं आणि चौकटीतली सर्वांत उजळ जागा झाडांच्या बुंध्याशी निर्माण होते. एक पाऊल बाजूला सरून किंवा पोलरायझर फिरवून ती आधी काढून टाका, मग मीटरकडे बघा.

रोयण काळ्या दगडासारखी वागत नाही. ती आपल्या तांबड्या मातीची, खरबरीत, न चकाकणारी. कोरडी असेल तर मीटर जवळजवळ बरोबर सांगतो, ओली असेल तर उणे अर्धा-पाऊण स्टॉप पुरे. अडचण रंगाची येते. राईतला उजेड पानांतून गाळून आलेला, हिरवा. तांबडी माती परत पाठवते तो लाल, आणि लालच त्या उजेडात कमी असतो. म्हणून डोळ्यांना भगवी-तांबडी दिसणारी रोयण फोटोत मळकट तपकिरी येते, आणि माणूस चुकीने एक्स्पोजर वाढवत बसतो. व्हाईट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाची दुरुस्ती, नीट झाला की तीच माती त्याच एक्स्पोजरला उजळते. ग्रे कार्ड किंवा स्वच्छ पांढरा रुमाल रोयणीच्या शेजारी, तिच्यावर पडतो त्याच उजेडात धरून एक फोटो घ्या. राईबाहेर धरलेला काही कामाचा नाही. घरी त्यावरून व्हाईट बॅलन्स लावा आणि मग हिरव्याकडे थोडा परत सरकवा. हिरवा पूर्ण काढला तर राईतली जागा खोलीत बसून काढल्यासारखी दिसते. कुंकू आणि लाल फुलांसाठी लाल हिस्टोग्रामचं वर सांगितलेलंच लागू. चुडतांनी (माडाच्या झावळ्यांनी) शाकारलेलं छप्पर किंवा पत्रा वर असेल तर स्पॉट त्याच्याखाली धरा, बाहेर नको.

राईत वारा नसला तरी पानं हलतात, म्हणून ब्रॅकेट केलेले, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, फोटो जोडताना पानांचे भुतासारखे दुहेरी ठसे येतात. झाडी एका फोटोतून घ्या, रोयण आणि दिवा दुसऱ्यातून. तिथे ट्रायपॉडला पुरातत्त्वाची अडचण नाही, पण गावाची संमती हवी. आधी गावकर किंवा घाडी या गावच्या मानकऱ्यांशी बोला. ते देवीला गाऱ्हाणं घालतील, काही दिवस फोटो नको म्हणतील, काही बाजूंना जाऊ देणार नाहीत. ते म्हणतील तसं. चपला बाहेर. चौकटीत आडवी येणारी वेल तोडू नका, फुलं हलवू नका, पडलेलं पानसुद्धा देवाचं असतं या श्रद्धेवरच त्या राया आजवर टिकल्या आहेत. जुनी पाषाणशिल्पं उघड्यावर असतील तर फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाका आणि गावाचं नाव चारचौघांत सांगू नका, अशा मूर्ती चोरीला जातात. अभयारण्याच्या हद्दीत ड्रोन आणू नका. आणि संध्याकाळी गवे बाहेर पडायच्या आत निघा.

मोबाईलवर फार वेळ घालवत नाही. काढायचाच असेल तर दगडावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर कुलूपबंद होतात, मग उजेडाची पट्टी खाली ओढा. नाईट मोड बंद. प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर तेच वापरा.

घरी आल्यावर कॅमेरा तसाच कपाटात ठेवू नका. गोव्याच्या हवेत लेन्सला बुरशी धरते आणि बुरशी लागलेली लेन्स पुन्हा तोच दुधाळ पडदा देते. ४० ते ५० टक्के आर्द्रतेचा ड्राय बॉक्स घ्या. तोवर हवाबंद डबा आणि सिलिका जेल चालेल, पण जेल वेळोवेळी तापवून कोरडं करा.

हातात आहेत त्या फायलींचं आता. बाहेरचे फोटो रॉ असतील तर टाकून देऊ नका. एक्स्पोजर सव्वा स्टॉप खाली घ्या, मग ब्लॅक्सची पट्टी एवढी खाली ओढा की मंडपातली सर्वांत गडद फट काळी होईल. दगड जागेवर येईल. आला नाही आणि नुसता दुधाळ गडद झाला, तर ते बाष्प होतं असं समजा. डिहेझ ही धुरकटपणा काढणारी पट्टी थोडी चालवून बघा, दहा-पंधराच्या पुढे नको. मोबाईलच्या फोटोंत गाभाऱ्याचा भाग निवडून दीड स्टॉप खाली घ्या, बराच फरक पडेल. समईच्या फोटोंत ज्योतीभोवतीचा पांढरा भाग जेवढा लाल हिस्टोग्राममध्ये उजव्या भिंतीला चिकटलाय तेवढा गेला, तो परत येणार नाही. ती चौकट नव्याने काढावी लागेल. त्यासाठी पाऊस ओसरल्यावर, ढगाळ सकाळी, देऊळ उघडल्या उघडल्या जा, तेव्हा बाहेरचा उजेड कमी असतो आणि समईशी त्याचं अंतर दोन-तीन स्टॉपनी घटतं. स्पॉट पितळी वाटीवर, अधिक एक, आणि पिंडीसाठी तीन स्टॉप जास्त दिलेला दुसरा फोटो लगेच त्यामागोमाग.